चिपच तशी आली होती

टीव्ही मी बिघडवला नाही. तो बिघडला तेव्हा मी आतल्या खोलीत एका नऊशे पानी आत्मचरित्राची प्रुफं तपासत बसलो होतो आणि माझं बोट टीव्हीच्या कुठल्याही भागाला लागलेलं नव्हतं. हे आधीच लेखी सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत आता ही हकिकत मजल्यामजल्यावर सांगितली जाते आणि प्रत्येक मजल्यावर तिची सुरुवात "त्यांनी टीव्ही उघडला" अशी होते. गोष्ट अशी मधूनच सुरू केली की कुणीही सज्जन माणूस गुन्हेगार दिसतो.

टीव्हीला झालं होतं ते असं. बटण दाबलं की पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, सात-आठ सेकंद थांबायचं, जायचं आणि पुन्हा यायचं. एवढंच. माझे सासरे पहिल्या दिवशी पाऊण तास ते नाव बघत बसले होते. त्यांना वाटलं, जाहिरात चालू आहे.

सासरे म्हणजे आमचे मामा. पस्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजूचं पारडं उचलून खाली चिकटवलेलं काही आहे का बघायचं, मापाच्या तळाला बोट फिरवायचं, आणि दुकानदार जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा पेशा. दात बसवून घ्यायला म्हणून ते आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आले. दात तिसऱ्या आठवड्यात बसले. आता पाचवा महिना चालू होता. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या घरी दिवा लावायला दुसरं कुणी नाही, हे सगळं मला ठाऊक होतं आणि मान्यही होतं. माझं म्हणणं फक्त खुर्चीपुरतं होतं. खिडकीजवळची खुर्ची माझी. प्रुफं वाचायला लागतो तसा उजेड घरात तेवढ्या एकाच जागी येतो. दुर्दैवानं ती टीव्हीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे आल्या दिवशी मामा तिच्यात बसले ते बसले.

दुसरा मुद्दा आवाजाचा. मामांना कमी ऐकू येतं, पण हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हल्ली टीव्हीवरची माणसं पुटपुटतात. मी एकदा, पाच महिन्यांत फक्त एकदा, "मामा, आवाज जरा..." असं म्हणालो होतो. वाक्य पुरंही केलं नव्हतं. बाकीची वाक्यं मनात होती, नाही म्हणत नाही. पण मनातलं वाक्य म्हणजे छापील मजकूर नव्हे, आणि त्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येत नाही.

टीव्ही बंद पडल्यावर बायको मला म्हणाली, "तुम्हाला बरंच वाटलं असेल."

मी सव्वीस वर्षं मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम, आणि माझ्यावर असा थेट आरोप करायची ही पद्धत मला चालत नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की चार दिवसांत मी मामांना टीव्ही चालू करून देईन. मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एखाद्या दुकानदारानं आपणहून तराजू पुढे केला तर ते असेच बघत असावेत.

पहिला फोन मी कंपनीच्या तक्रार केंद्राला केला. अठरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई बोलल्या. आवाज गोड होता.

"आपल्या संचाचा बारा अंकी क्रमांक सांगा, सर."

"तो कुठे असतो?"

"मेनू उघडा, सेटिंग्जमध्ये जा, 'माहिती' दाबा. पडद्यावर दिसेल."

"पडद्यावर काहीच दिसत नाही. तीच तर तक्रार आहे."

"ठीक आहे, सर. मग टीव्ही चालू झाला की आम्हाला फोन करा."

मी म्हणालो, "बाई, टीव्ही चालू झाला तर मी तुम्हाला कशाला फोन करेन?" त्यावर त्यांनी माझे आभार मानले. मग वरिष्ठांशी बोलणं झालं, क्रमांक टीव्हीच्या पाठीवरही असतो असा शोध लागला, तो मी आडवा पडून, भिंग लावून वाचला, आणि मग कळलं की या संचाचा बोर्ड आता निघत नाही. चिप खराब असेल तर? "आम्ही चिप बदलत नाही, सर, आम्ही बोर्ड बदलतो." आणि बोर्ड? "तो निघत नाही, सर." दहा मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे नीवारण झाले आहे. आपण समाधानी असल्यास पाच तारे द्या.' त्या संदेशात 'निवारण'मधला 'नि' दीर्घ होता. मी एकही तारा दिला नाही.

तोवर वरच्या मजल्यावरचे 'अनुभवी' खाली आले होते. हे आमचे शेजारी. यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होतं म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांना ते बहुमानाचं वाटतं. त्यांनी टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या, कान लावला आणि निदान केलं.

"माझा अनुभव सांगतो. आतला बोर्ड काढा आणि ओव्हनमध्ये भाजा. दहा मिनिटं. आमच्या साडूनं केलं होतं."

"मग चालू झाला?"

"ओव्हन? नाही. तो तेव्हापासून बंदच आहे."

ओव्हनला बायकोनं नकार दिला. मग अनुभवींनी केस वाळवायचं यंत्र सुचवलं, आणि मी ते अर्धा तास बोर्डावर धरलं, हे मला आज कबूल करायला लाज वाटते. बोर्ड छान कोरडा झाला. मामा खुर्चीतून म्हणाले, "तो ओला होता का?"

अखेर मी बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे नेला. हा पोरसवदा दिसतो, पण चाळिशीचा आहे. त्यानं दुर्बिणीसारख्या यंत्राखाली बोर्ड धरला आणि एका काळ्या ठिपक्यावर चिमट्याचं टोक ठेवलं. मुगाच्या दाण्याहून जरा मोठी वस्तू. दोन्ही बाजूंना चार-चार, मिळून आठ पाय. ते पाय बोर्डाला भोकं पाडून आत जात नाहीत, वरच्या वर कथलानं चिकटवलेले असतात.

"मेमरी गेलीय, काका. टीव्हीला आपण कोण ते आठवत नाही. नाव आठवतं, पुढचं आठवत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ही काढायची आणि याच मॉडेलच्या जुन्या बोर्डावरची लावायची. सोपं आहे."

"मग लाव."

"मी टीव्ही करत नाही. साठ मोबाइल पडलेत. तुम्हीच करा की, काका. रविवारी दुकान बंद असतं, हॉट एअरचं यंत्र घेऊन जा."

काका! आमच्यात फार तर बारा वर्षांचं अंतर असेल. पण मी गिळलं. मग त्यानं मला सगळं समजावलं. शेजारचे भाग चांदीच्या कागदानं झाकायचे, चिपवर पेस्ट लावायची, गरम हवा गोल गोल फिरवायची, कथील चमकलं की चिमट्यानं अलगद उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं तर खालची तांब्याची पट्टी उखडते आणि मग बोर्ड गेला. मी शाळेतल्यासारखं लिहून घेत होतो. शेवटी तो म्हणाला, "आणि काका, टिंब बघा हं. चिपवर एका कोपऱ्यात टिंब असतं. टिंब चुकलं की..."

इथे मी त्याला थांबवलं. माणसानं कुणाला काय शिकवावं याला काही मर्यादा आहे. सव्वीस वर्षं मी या भाषेतली टिंबं सांभाळली आहेत. माझ्या नजरेतून सुटलेलं टिंब दाखवा आणि मी नोकरी सोडतो, असं मी संपादकांना दोनदा सांगितलेलं आहे. आणि हा गृहस्थ मला म्हणतो टिंब बघा! मी "बरं बरं" म्हणून वही मिटली आणि यंत्र काखेत मारून निघालो.

बोर्ड भंगारवाल्याकडे मिळाला. मिळाला म्हणजे काय, आमच्याच मॉडेलच्या बोर्डांची चळतच होती. "एका ठिकाणचे सगळे टीव्ही एकदम निघाले," तो म्हणाला. कुठल्या ठिकाणचे, हे मी विचारलं नाही. आजवर मी कितीतरी लेखकांना 'संदर्भ तपासा' असं समासात लिहून दिलेलं आहे, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एक साधा प्रश्न विचारला नाही. भंगारवाला सुटा बोर्ड द्यायला तयार नव्हता. तीन घ्या म्हणाला. मी कुरकुरत तीन घेतले.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया मांडली. बायकोनं टेबलावर जुनी चादर घातली, खिडक्या उघडल्या आणि "कुठे काही जाळलंत तर बघा" असा आशीर्वाद दिला. अनुभवी स्वतःची खुर्ची घेऊन आले. मामांनी माझी खुर्ची टीव्हीकडून टेबलाकडे फिरवली.

गरम हवेचं यंत्र सुरू केलं आणि पहिल्या झोतात चिप जागची हलली नाही, पण तिच्या शेजारचा खसखशीएवढा एक भाग उडाला. मी चांदीचा कागद लावला होता, पण दुसऱ्या बाजूला. मग आम्ही चौघं जमिनीवर. भिंग माझ्याकडे, झाडू बायकोकडे. अनुभवींना सापडला तो ब्रेडचा कण निघाला. मामांनी मात्र तिसऱ्या मिनिटाला तो भाग सोफ्याच्या पायाजवळून तळहातावर उचलून आणला. "खोट्या वजनातून काढलेलं शिसं यापेक्षा लहान असायचं," ते म्हणाले. मी तो जागेवर बसवला, आणि त्यात पाऊण तास गेला.

जुनी चिप निघाली, छान निघाली. मी चिमट्यानं ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. नंतर ती बशीत ठेवली, आणि बशी धुवायला गेली. तो भाग मी सोडून देतो. बायकोशी त्या विषयावर बोलायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

मग भंगारातल्या पहिल्या बोर्डावरून दुसरी चिप काढली, आठही पाय सरळ असल्याची भिंगातून खात्री केली, बसवली, कथील लावलं, वीज जोडली. दोन सेकंद काही झालं नाही. मग चिपमधून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि खोलीत रबर जळाल्याचा वास पसरला.

मामांनी विचारलं, "हे असंच व्हायला हवं होतं का, जावईबापू?"

मी भिंग उचललं. चिपच्या कोपऱ्यात, स्पष्ट, गोल, नीट छापलेलं टिंब होतं. बोर्डावरही होतं. फक्त बोर्डावरचं या टोकाला आणि चिपवरचं त्या टोकाला. मी चिप उलटी बसवली होती. अनुस्वार डोक्यावर द्यायचा तो मी पायाखाली दिला होता. "चिप सदोष होती," एवढं जाहीर केलं आणि दुसरा बोर्ड ओढला. अनुभवी म्हणाले की त्यांचा अनुभवही असाच आहे.

दुसऱ्या बोर्डावरची चिप मी टिंबाला टिंब लावून बसवली, तोवर रात्र झाली होती आणि बाकीचे कंटाळून उठून गेले होते. बोर्ड परत टीव्हीत घातला. टीव्ही गादीवर तोंड खाली घालून पडलेला, कारण पाठीचं झाकण उघडायला तो तसाच ठेवावा लागतो. वीज जोडली, आणि मिनिटभरानं गादीच्या आतून एका माणसाचा आवाज आला. तो हवामान सांगत होता. मला सांगायला संकोच वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वीज काढली, झाकण बसवलं, बावीस स्क्रू आवळले. एकवीसच होते, पण बावीस भोकं आवळल्यासारखी वाटली. टीव्ही भिंतीजवळ उभा केला आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरवलं. लगेच लावला असता तर पुढचं सगळं माझ्या एकट्याच्या देखत झालं असतं. पण मला प्रेक्षक हवे होते.

सोमवारी पावणेदहाला बायकोनं चहा केला. अनुभवी आले. मी आदल्या दिवशी मनात तयार केलेलं छोटंसं भाषण केलं. त्यातलं शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे, कारण नंतर ते माझ्याविरुद्ध बऱ्याचदा उच्चारलं गेलं. "मामा," मी म्हणालो, "तुम्ही इथे आल्यापासून माझ्या मनात जे होतं, ते आज मी करून दाखवतोय. खास तुमच्यासाठी. बघा." आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

मामांनी बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं. गेलं. मग निळ्या पडद्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत हा मजकूर उमटला:

'पाहुण्यांचे स्वागत. खोली क्र. २०४. सकाळी दहाच्या आत खोली रिकामि करावी ही विनंति. व्यवस्थापन.'

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते आणि मामांनी मान वर करून ते बघितलं. मजकूर पुरतं एक मिनिट तसाच होता. मग बातम्या सुरू झाल्या, पण आवाज कुजबुजल्यासारखा. मामांनी आवाज वाढवायचं बटण दाबलं. बारावर आला आणि थांबला. पुन्हा दाबलं. बाराच. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

"आवाजही बांधून ठेवलात," ते शांतपणे म्हणाले. "आणि खोलीला नंबर दिलात." मग ते उठले आणि आत गेले. दोन मिनिटांत कपाटाचं दार वाजलं, आणि नंतर बॅगेची चेन.

भंगारवाला म्हणाला होता, एका ठिकाणचे सगळे टीव्ही निघाले. ते ठिकाण म्हणजे कुठलं तरी लॉज होतं. मोबाइलवाल्यानं सांगितलं होतं, टीव्हीला आपण कोण ते या चिपमुळे आठवतं. आमच्या टीव्हीला आता आठवत होतं की आपण दोनशे चार नंबरच्या खोलीत आहोत, शेजारच्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून आपला आवाज बाराच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि माणसाला दहाला बाहेर काढायचं. मला हे सगळं एका क्षणात कळलं. आता ते दुसऱ्याला पटवायचं होतं.

मी आत धावलो. मामा शर्टांच्या घड्या घालत होते.

"मामा, गैरसमज होतोय. तो मजकूर माझा नाही. चिपच तशी आली होती!"

मामांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"पस्तीस वर्षं, जावईबापू. पस्तीस वर्षं मी हेच ऐकलं. 'साहेब, वजन असंच आलं होतं.' 'साहेब, माप कारखान्यातूनच असं आलंय.' एकानंही कधी सांगितलं नाही की मी केलं."

"अहो, पण त्यात दोन चुका आहेत!" मी ओरडलो. "'रिकामि'तला 'मि' ऱ्हस्व आहे! 'विनंति'तली 'ति' ऱ्हस्व आहे! मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो. माझं सगळं आयुष्य त्या दीर्घ इकारात गेलंय. मी तुम्हाला घालवायचं ठरवलं असतं, तर शुद्ध मराठीत घालवलं असतं!"

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. मामांनी पुढचा शर्ट उचलला.

"मुद्दाम चुका केल्या असतील," ते म्हणाले. "हुशार दुकानदार तसंच करतो. गाडी एकला आहे ना?"

बाहेर बायको उभी होती. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. मी तिला चिप, लॉज, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. तिनं हात वर केला. "मजकूर कुणाचा ते मला नका सांगू. तिकडे जाऊन बाबा कुणाशी बोलणार आहेत? भिंतींशी? त्यांना थांबवा. कसंही करून."

मला राग आला होता. तक्रार केंद्राचा, भंगारवाल्याचा, त्या लॉजमधल्या कुठल्या तरी अर्धशिक्षित कारकुनाचा, ज्यानं रिमोटची बटणं दाबून दाबून हा अशुद्ध मजकूर भरला होता. आणि त्या सगळ्या रागाखाली, खरं सांगायचं तर, मला लाज वाटत होती. कारण तो मजकूर, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, मी या पाच महिन्यांत मनातल्या मनात बऱ्याच वेळा वाचला होता. आणि आता बॅगेची चेन खरोखर लागत होती तेव्हा मला तो नको होता.

मी पुन्हा दारात गेलो. "मामा, एका नमुन्यावरून निकाल देता येतो का?"

ते थबकले. बाकी कशाला नाही, पण या प्रश्नाला ते थबकणार हे मला कसं सुचलं कोण जाणे.

"नाही," ते म्हणाले. "नियमानं दोन नमुने घ्यावे लागतात."

"माझ्याकडे तिसरा बोर्ड आहे. त्याच ढिगातला. मी त्याला हात लावलेला नाही, अजून वर्तमानपत्रात आहे. त्यावरची चिप तुमच्यासमोर काढतो, तुमच्यासमोर लावतो. त्यात मी काही लिहू शकत नाही. तीही हेच म्हणाली तर?"

मामांनी घड्याळ बघितलं. मग खिशातून चष्मा काढला. "पंच लागतील," ते म्हणाले.

पंच म्हणून अनुभवी आणि माझी बायको बसले. मामांनी माझ्याच टेबलावरून कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. वर्तमानपत्राची तारीख, बोर्डावरचा क्रमांक, सगळं नोंदवलं. परत करायचं राहिलेलं गरम हवेचं यंत्र उलटं करून खाली काही चिकटवलेलं नाही ना ते बघितलं. माझ्या बाह्या वर करायला लावल्या. सव्वीस वर्षं मी लोकांचे मजकूर असे उलटेपालटे केले, पण माझ्या स्वतःच्या बाह्यांपर्यंत आजवर कुणी गेलं नव्हतं.

चालू टीव्ही मी पुन्हा गादीवर पालथा घातला. आयुष्यात स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली एकमेव वस्तू, आणि ती मीच मोडायला बसलो होतो. चिप काढताना जे व्हायचं तेच झालं. एक पाय निघेना, मी किंचित ओढलं आणि त्याच्याखालची तांब्याची पट्टी उखडून केसासारखी वर आली.

"अनुभव सांगू का?" अनुभवी म्हणाले.

"नको," आम्ही तिघंही म्हणालो.

मी केसाएवढी तार घेऊन ती पट्टी जोडायला बसलो. तीनदा तार निसटली. साडेअकरा झाले. मामांनी लिहिणं थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझं मनगट खालून धरलं, तराजू स्थिर धरावा तसं. चौथ्यांदा तार बसली. मग चिप बसवली. टिंब मी स्वतः पाहिलं, मामांना दाखवलं, दोन्ही पंचांना दाखवलं. टीव्ही उभा केला. वीज जोडली.

कंपनीचं नाव आलं. आणि थांबलं. सात सेकंद. आठ. बायकोनं डोळे मिटले. नाव गेलं आणि निळा पडदा आला:

'पाहुण्यांचे स्वागत. खोली क्र. ३०७. सकाळी दहाच्या आत खोली रिकामि करावी ही विनंति. व्यवस्थापन.'

"तीनशे सात!" मी ओरडलो. "तोच 'मि'! तीच 'ति'!" त्या अशुद्ध मजकुराला मी आयुष्यात पहिल्यांदाच मिठी मारली असती.

मामा पडद्याजवळ गेले. मजकुराच्या प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवलं, अगदी पूर्णविरामापर्यंत. मग येऊन बसले आणि उरलेला कागद भरून काढला. पंचांच्या सह्या घेतल्या. अनुभवींनी सहीखाली पदवीसुद्धा लिहिली. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

मी लाल पेन उघडून वाचायला लागलो. ती सवयच आहे. वेळ, ठिकाण, नमुना क्रमांक एक, नमुना क्रमांक दोन. तळाशी लिहिलं होतं:

'निष्कर्ष : सदर मजकूर जावईबापूंचा नाही, हे दोन नमुन्यांवरून सिद्ध होते. तशी इच्छा त्यांची होती किंवा कसे, याचा नमुना घेता आला नाही. तथापि संशयास जागा आहे. पाहुण्याचा मुक्काम पुढे चालू.'

बायको आत बॅग रिकामी करत होती. शर्ट हँगरला लावल्याचे आवाज येत होते. मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग भिंग लावून वाचला. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते, टिंबं जागच्या जागी होती, स्वल्पविरामसुद्धा हवे तिथेच होते. 'संशयास जागा आहे' यापाशी पेन बराच वेळ अडलं. ते वाक्य मला काढून टाकायचं होतं, पण काढायला कारण द्यावं लागतं. मामा माझ्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी लाल पेनाला टोपण लावलं, त्यांच्याकडून निळं घेतलं आणि सही केली.